तांबडा विंचू चावला तर: आधी हातपाय गार पडलेत का ते बघा

विंचू चावलेलं पोर मोठमोठ्यानं रडत, हात झाडत दारात आलं की माझा जीव जरा भांड्यात पडतो. तेच पोर गप्प असेल, कपाळावरून घामाच्या धारा लागल्या असतील आणि हातात हात घेतल्यावर बोटं गार लागली, तर मी आधी विचारते, गाडी कुणाची मिळेल? बाकीची चौकशी वाटेत.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, पण वाडीत कुणाला काही चावलं की पहिली हाक अजून मलाच येते. शिमगा झाला की पाऊस लागेपर्यंत, आणि पुन्हा भातकापणीला, मी घरोघरी एकच गोष्ट सांगत असते. ठणका किती आहे त्यावरून विंचवाचा धोका मोजू नका. घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय बघून मोजा. खाली लिहिलेलं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

विंचू ओळखायचा कसा

आमच्याकडे ढोबळमानानं दोन दिसतात. एक मोठा काळा, ज्याला बरेच जण इंगळी म्हणतात. त्याचे पुढचे चिमटे खेकड्यासारखे दांडगे आणि शेपूट त्या मानानं बारीक. दुसरा तांबडा. हा लहान, 5 ते 9 सेंटिमीटरचा, रंगानं तांबूस-पिवळट किंवा तपकिरी, चिमटे काडीसारखे बारीक आणि शेपूट मात्र जाड. काळ्याला बघून माणसं किंचाळतात आणि तांबड्याला चपलेनं मारून झोपायला जातात. खरा घातकी हा तांबडाच. मोठे चिमटे असलेला विंचू भक्ष्य दाबून धरतो, त्याचं भागतं. बारीक चिमट्यांच्या विंचवाची सगळी भिस्त नांगीतल्या विषावर असते. शास्त्रात या तांबड्याला हॉटेंटोटा टॅम्युलस म्हणतात, जुन्या पुस्तकांत मेसोबुथस असं नाव सापडेल. हा फक्त कोकणातला नाही. देशावर, मराठवाड्यात, शेजारच्या कर्नाटक-आंध्रातही आहे.

रंगावर फार जाऊ नका. रात्रीच्या उजेडात तांबडं काय आणि काळं काय, धड दिसत नाही. समोर मेलेला पडला असेल तर मोबाइलवर फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा. पळाला असेल तर त्याच्यामागे कौलं उचकटत बसू नका, त्यात दुसरा माणूस चावून घेतो.

विष अंगात काय करतं

हे थोडं समजून घेतलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. तांबड्या विंचवाचं विष नसांच्या टोकांवर काम करतं. तिथली सोडियमची दारं उघडी राहतात आणि नसा थांबायचं नाव घेत नाहीत, एकामागून एक संदेश सोडत राहतात. पहिल्या झटक्यात उलटी होते, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, नाडी मंद किंवा चुकत चालते. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंग ताठ होऊन तसंच राहतं. हे सांगायला माणसं लाजतात, आयाही बघत नाहीत. पण ही अगदी लवकर दिसणारी आणि डॉक्टरांच्या फार कामाची खूण आहे. चड्डी काढून बघा आणि स्पष्ट सांगा. आजारात लाज नाही.

त्यानंतर शरीर आपलंच अॅड्रिनलिन रक्तात ओतायला लागतं. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, छाती धडधडते. तोंड दाबून धरलेल्या नळीतून पाणी ढकलावं तसं हृदयाला रक्त ढकलावं लागतं, आणि ते थकतं. मग फुप्फुसात पाणी साचतं. आधी कोरडा खोकला, मग धाप, आडवं पडवत नाही, आणि शेवटी तोंडातून गुलाबी फेस. चावल्यापासून इथपर्यंत यायला कधी अर्धा तास पुरतो, कधी तीन-चार तास जातात. लहान मुलांत सगळं वेगानं होतं, कारण विष तेवढंच आणि अंग एवढंसं.

आता ठणक्याबद्दल. ज्याच्या अंगात विष भिनलंय त्याला सुरुवातीला डंखाच्या जागी बऱ्याचदा फारसं दुखत नाही. तो सावरायला लागला की ठणका परत येतो. एकदा एका सात-आठ वर्षांच्या मुलाला रात्री आणलं होतं. गोधडीत गुंडाळलेला, ओठ पांढरे, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात भिजलेल्या माणसासारखे थंड. विचारलं तर म्हणाला, "दुखत नाही." रात्रभर औषध चाललं. पहाटे त्यानं एकदम पाय धरून भोकाड पसरलं. आजी धावत आली, म्हणाली, "सिस्टर, पोराचं बिघडलं." मी त्याच्या तळव्याला हात लावला. कोमट होता. डॉक्टर म्हणाले, "रडू दे आजी, आता हा बरा होणार." आजीला पटेना. तिच्या सगळ्या आयुष्यात रडणं म्हणजे दुखणं आणि गप्प राहणं म्हणजे आराम असाच हिशेब होता. विंचवापुरता तो उलटा लावावा लागतो.

रडतंय म्हणून निर्धास्त राहा असं मात्र मी म्हणत नाही. रडणाऱ्यालाही पुढचे चार तास डोळ्यांसमोर ठेवायचं.

चावल्याबरोबर

माणसाला आहे तिथं बसवा किंवा आडवं करा. चालवू नका, पळवू नका. अंगठी, जोडवी, बांगड्या, करदोटा, घट्ट काही असेल तर काढा. जागा साबण-पाण्यानं धुवा. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, थोडा वेळ काढा, पुन्हा ठेवा. बर्फ थेट कातडीवर नको. बर्फ नसेल तर ओलं फडकं चालेल. ठणक्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, उलट्या चालू नसतील तर. मोठ्या माणसाचा ठणका असह्य असेल तर दवाखान्यात त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन देतात, त्यानं लगेच आराम पडतो.

चावल्याची वेळ लिहा. कागद नसेल तर मोबाइलवर मेसेज टाका, भिंतीवर कोळशानं लिहा, पण लिहा. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो, आणि घाबरलेल्या घरात तीन माणसं तीन वेळा सांगतात.

जागा ओळखायची एक साधी युक्ती आहे. विंचवाच्या डंखाला सूज फार येत नाही, कधी तर खूणही दिसत नाही. बोटानं हलकेच टकटक केलं की तिथं एकदम कळ उठते. फुरसं हा साप चावला असेल तर सूज वाढत जाते आणि रक्त झिरपत राहतं.

मूल असेल तर इथं थांबायचंच नाही. लक्षणं असोत-नसोत, थेट दवाखाना. 108 ला फोन करा. त्याच वेळी वाडीतली रिक्षा, जीप, जे असेल ते तयार ठेवा, जे आधी येईल त्यात बसा. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण, म्हातारं माणूस यांनाही हाच नियम. धडधाकट माणसाला नुसता ठणका असेल आणि दवाखाना जवळ असेल तर घरी लक्ष ठेवता येईल. पण तासाभराचा घाट उतरायचा असेल तर लक्षणांची वाट बघू नका. जाऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात बसा. काही झालं नाही तर परत या, कुणी हसणार नाही.

दर पंधरा मिनिटांनी काय बघायचं

घरी असा किंवा गाडीत, एकाच माणसानं हे काम करावं. सगळ्यांनी मिळून बघितलं की कुणीच बघत नाही.

आपल्या हाताची मागची बाजू रुग्णाच्या तळव्याला, मग गुडघ्याला लावा. गुडघा कोमट आणि पाऊल गार, असं असेल तर रक्तवाहिन्या आवळायला लागल्यात. नाकाचा शेंडाही बघा. मग कपडा वर करून पाठ आणि छाती हातानं चाचपा. मे महिन्यात सगळ्यांनाच घाम येतो, पण हा घाम गार असतो आणि अंगभर असतो. केस ओले होतात, उशी भिजते. उलटी किती वेळा झाली ते मोजा. तोंडातून लाळ गळते का? श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा त्याच्यावर गेला, पाच वर्षांपुढच्याचा 30 च्या वर गेला, तर तो धापेचाच समजा. खोकला सुरू झाला, विशेषतः आडवं केल्यावर, तर अर्धवट बसतं करून धरा आणि चालकाला सांगा, आता कुठंही थांबू नको.

कोविडनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. ते लावा, पण गार बोटावर ते चुकतं किंवा आकडाच दाखवत नाही. आकडा येत नाही म्हणजे यंत्र बिघडलं असं समजून ते बाजूला टाकू नका. बोटाला रक्त पोचत नाही, हीच मोठी बातमी आहे.

उलटी होत असेल तर कुशीवर ठेवा. घाम आणि उलटीनं अंगातलं पाणी फार जातं, म्हणून शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजा. धाप लागली असेल तर तोंडानं काही देऊ नका.

दवाखान्यात काय होतं

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण नातेवाइकांना माहीत असेल तर वेळ वाचतो.

1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. मूळचे जालना जिल्ह्यातले, शिकले नागपूरला. त्या काळात तांबड्या विंचवानं गंभीर झालेल्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस दगावत. अट्रोपिन, स्टिरॉइड, झोपेची इंजेक्शनं, जे हाताशी असेल ते टोचलं जाई आणि उपयोग होत नसे. अट्रोपिननं तर आधीच धावणारं हृदय आणखी धावतं. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी रात्री काढून घाम, उलटी, नाडी, गार पाय, रक्तदाब हे तासातासानं टिपलं. या आधीच कळणाऱ्या खुणांवरचा त्यांचा लेख 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर हृदयावरचा ताण उतरेल, या विचारानं त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली आणि 1986 मध्ये त्याबद्दल पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आपल्याच माणसाला मिळाल्यासारखं झालं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करही या कामात बरोबरीनं आहेत.

प्राझोसिनचा हिशेब वजनाच्या किलोमागे 30 मायक्रोग्रॅम असा असतो आणि पाय उबदार होईपर्यंत साधारण दर तीन तासांनी ती पुन्हा देतात. ही गोळी घरात आणून ठेवा आणि चावलं की द्या, असं मी कधीही सांगणार नाही. ज्याच्या अंगात विष पसरलेलंच नाही, नुसता ठणका आहे, त्याला ती लागत नाही. आणि पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून गोळी पोटात गेल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं, लघवीलासुद्धा उठवायचं नाही. इथं आयांचा घोळ होतो. पोर रडलं की आई त्याला उचलून खांद्यावर घेते. उभं धरल्याबरोबर त्याचा रक्तदाब पडतो आणि ते पांढरं पडतं. बाळ अंगावर पीत असेल तर आईनं त्याच्या शेजारी आडवं होऊन पाजावं, उचलू नये. वॉर्डात मी हे दर खाटेला सांगायचे, आणि दर वेळी पाठ फिरली की एखादी आजी उचलायचीच. मायेनं होतं ते, पण होऊ देऊ नका.

दुसरं औषध म्हणजे विंचवावरची लस, प्रतिविष. मुंबईच्या हाफकिनमध्ये ती तयार होते. महाडमध्येच 70 रुग्णांवर केलेला बावस्करांचा अभ्यास 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. प्राझोसिनबरोबर लस दिलेल्या 35 जणांपैकी 32 जण दहा तासांत पूर्ण सावरले, नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी 8 जण. दोन्ही औषधं मिळाली तर माणूस लवकर उठतो आणि हृदयाचा त्रास वाचतो. लस जितकी लवकर तितकी चांगली, कारण ती रक्तात मोकळं फिरणारं विष पकडते. हृदयावर एकदा झालेला परिणाम तिला पुसता येत नाही. सापाची लस विंचवाला चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. घाबरलेले नातेवाईक "लस द्या, लस द्या" म्हणतात, तेव्हा कुणाची लस ते महत्त्वाचं असतं.

म्हणून निघतानाच दवाखान्याला फोन लावा आणि दोन प्रश्न विचारा. प्राझोसिन आहे का? विंचवाची लस आहे का? नाही म्हणाले तर पुढचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय धरा. आणि हे प्रश्न विंचू चावायच्या आधी, एप्रिलच्या ग्रामसभेत विचारले तर फार बरं. आपल्या आरोग्य केंद्रात साठा आहे का, नसेल तर कधी येणार. हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

लक्षणं असलेल्या रुग्णाला निदान 24 तास दवाखान्यात ठेवतात. सकाळी बरं वाटलं म्हणून सलाइन काढून घरी नेऊ नका.

विंचू उतरवणं

गावोगाव विंचू उतरवणारी माणसं आहेत. बरीचशी पैसेही घेत नाहीत, मध्यरात्री उठून येतात. त्यांचा मला राग नाही. पण त्यांना यश का येतं ते समजून घ्या. विंचू चावलेल्या बहुतेक माणसांच्या अंगात विष पसरतच नाही, नुसता ठणका असतो आणि तो काही तासांत आपोआप उतरतो. त्या वेळात मंत्र म्हटला, चिंचोका घासून चिकटवला, आघाड्याची मुळी फिरवली, काही केलं तरी श्रेय त्यालाच जातं. आणि ज्याच्या अंगात विष पसरलंय त्याचा ठणका सुरुवातीलाच कमी असतो. तो म्हणतो "आता दुखत नाही", उतरवणारा म्हणतो "उतरला", घरचे निश्चिंत होतात, आणि पोर घामानं भिजून गार पडत जातं. हे दोन-तीन तास परत मिळत नाहीत.

आमच्या वाडीत एक आजोबा उतरवायचे. त्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांना एवढंच म्हटलं, "बाबा, मंत्र म्हणायच्या आधी पायाला हात लावून बघा. गार असला तर म्हणा, हा माझ्या हातचा नाही, दवाखान्यात न्या." त्यांनी ऐकलं. त्यांच्या तोंडून आलेला तो शब्द आमच्या दहा भाषणांपेक्षा लोक जास्त मानायचे. तुमच्या गावात असं कुणी असेल तर त्यांच्याशी भांडू नका, त्यांना ही खूण शिकवा.

हातपाय दोरीनं आवळून बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं चोखणं, रॉकेल ओतणं, तुरटी वितळवून टाकणं, डाग देणं, दारू पाजणं, यातलं काहीही नको. जखमा चिघळलेल्या मी धुतल्यात, त्यानं विष गेलेलं एकदाही पाहिलं नाही.

काय चावलं ते दिसलंच नाही

अंधारात, अंथरुणात काहीतरी टोचलं आणि कळेना, तर सापच समजून निघा. मण्याराचा दंश तर मुंगी चावल्यासारखा, कधी जाणवतही नाही. पापण्या जड होणं, पोटात दुखणं, बोबडं बोलणं ही त्याची लक्षणं. ती पहाटे दिसायला लागली तर उशीर झालेला असतो.

कोळ्याबद्दलही मला पुष्कळ विचारतात. अंगावर पाण्याचे फोड आले की "कोळी मुतला" म्हणायची पद्धत आहे. त्यातली बरीचशी प्रकरणं नागीण असते, किंवा पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक किडा अंगावर चिरडल्यानं उठलेले चट्टे. घरातल्या कोळ्यांच्या चाव्यानं लाली आणि खाज येते, साबणानं धुवून थंड पट्टी ठेवली की भागतं. सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी चावले तर मात्र अंगात गोळे येतात आणि ते दिवसेंदिवस राहू शकतात, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. चाव्याची जागा काळी पडत गेली, ताप आला, लाल रेघ वर सरकली, तरीही दाखवा. आमच्या मुलखात पोरांचा जीव घेणारा मात्र विंचू आहे, कोळी नव्हे.

घर उघडताना

मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी येतात आणि वर्षभर बंद असलेलं घर उघडतात. माझ्याकडे आलेल्या कितीतरी केसेस पहिल्या-दुसऱ्या रात्रीच्या होत्या. माळ्यावरच्या गोधड्या तशाच काढून अंथरलेल्या, बाथरूमचा दिवा गेलेला, पोरं अनवाणी. तेव्हा हे करा. शक्यतो उजेडी पोचा. अंथरूण-पांघरूण अंगणात नेऊन काठीनं झोडपा, दिवसभर उन्हात टाका. पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा, चादरीची टोकं जमिनीला टेकू देऊ नका. लहान मुलांना जमिनीवर झोपवायचं असेल तर मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा. बूट, चपला, खुंटीवरचे कपडे, आंघोळीचा टॉवेल, दप्तर, सगळं झटकूनच वापरायचं.

जांभ्याच्या भिंतीत जिथं सांधा सुटलाय तिथं विंचू राहतो, तसाच गडग्यात, कौलांखाली, पेंढ्याच्या उडवीत. सांधे सिमेंटनं बुजवा. लाकूडफाटा आणि शेणी घराला टेकून रचू नका, चार हात लांब ठेवा. मोळी उचलताना आधी काठीनं हलवा. भाजावळीसाठी कवळ, म्हणजे शेत भाजायचा पाला-फांद्या, गोळा करताना, दगड पलटताना, हात घालण्याआधी कोयत्यानं सारा. दगड पलटायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे पलटा, म्हणजे खालून निघालेलं पलीकडे जाईल, पायावर येणार नाही. स्वयंपाकघरातली झुरळं कमी करा, विंचू त्यांच्यामागे घरात येतो.

आणि एक वस्तू जरूर घ्या. नोटा तपासायला वापरतात ती निळ्या-जांभळ्या उजेडाची, यूव्ही बॅटरी. फार महाग नसते. विंचवाची कातडी त्या उजेडात हिरवट-निळी चमकते. नुकतीच कात टाकलेला तेवढा चमकत नाही. रात्री जेवणं झाली की घरातले दिवे बंद करून खोलीभर ती फिरवा. भिंत आणि छपराचा सांधा, दाराची चौकट, मोरी, चुलीमागचा कोपरा, पलंगाचे पाय, पडवीतली चपलांची रांग. दिसला तर पायात बूट घालून लांब चिमट्यानं डब्यात घ्या, किंवा झाडूनं मारा. मादीच्या पाठीवर पिल्लं असतील तर ती विखुरतात, म्हणून मारल्यावर पुन्हा एकदा उजेड फिरवून बघा. लहान पिल्लालाही नांगी असते. पोरांना हे काम फार आवडतं, पण बॅटरी मोठ्याच्या हातात आणि पोरं दोन पावलं मागे. त्या बॅटरीचा उजेड कुणाच्या डोळ्यांत मारू नका. झोपायच्या आधी हे करा, आणि रात्री लघवीला उठायचं असेल तर साधी बॅटरी उशाशी ठेवून, आधी जमिनीवर उजेड टाकून मगच पाय खाली टेका.